सगुणाबाईच्या गालावरचे वण

"आणि चितारीच चुकला असेल तर, वस्ताद? त्याची चूकही तशीच उतरवायची?"

केरोबा तांबट दुसऱ्या एका कामाचा पत्रा घासत होता. त्याचा हात थांबला नाही.

"चुकला हे कुणी सांगितलं?"

"त्याच्या मुलीनं."

"तिला चित्रातलं कळतं?"

"चित्रातलं नसेल कळत. पण आई तिची होती."

केरोबानं पत्रा उजेडाकडे तिरपा धरला. कोपऱ्यात एक बारीक ओरखडा दिसला. तो पुन्हा घासू लागला.

"आणि बायको कुणाची होती?"

प्रश्न त्याच्या शागिर्दाला, निंबाजीला, आवडला नाही.

"खरं ते काढावं, असं मला वाटतं," तो शेवटी म्हणाला.

"मग काढ."

"तुम्ही नको म्हणत नाही?"

"तुझा पत्रा तुझ्या हातात आहे."

एवढंच बोलणं झालं. ते कशावरून झालं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

ही गोष्ट नाशिकच्या तांबट आळीतली. पेशवाई अजून नांदत होती, तेव्हाची.

केरोबा मूळचा हंडे-घागरी ठोकणारा. तरुणपणी तो पुण्याला गेला आणि चार वर्षं एका गोऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिला. तो कारागीर स्वतः रंगाला शिवत नसे. दुसऱ्यानं रंगवलेली तसबीर समोर ठेवायची आणि ती तांब्यावर उतरवायची, एवढाच त्याचा धंदा.

केरोबा ते शिकून आला.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मेणावर सुईनं चित्र काढायचं. मग पत्रा तेजाबात ठेवायचा. सुईनं जिथं तांबं उघडं केलं, तिथंच तेजाब खातं. त्या खाचांत शाई भरायची, वर कागद घालायचा आणि उसाच्या चरकासारख्या दोन लाटांमधून दाबून काढायचा. एका पत्र्यावरून हवे तितके कागद निघतात.

कागदावर सगळं उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. म्हणून तसबीर आरशासमोर ठेवायची आणि आरशात पाहून सुई चालवायची.

आळीतले लोक याला केरोबाचा नाद म्हणत. पण नाशिकला येणारे सरदार आणि सावकार आपल्या तसबिरी घेऊन त्याच्याच ओट्यावर येत.

निंबाजी खानदेशातल्या एका तांबटाचा मुलगा, केरोबाकडे शिकायला आला होता. सहा वर्षं झाली होती त्याला. वय पंचविशीचं. त्याची सुई अशी चाले की मिशीचा केस न् केस वेगळा दिसावा. आळीत त्याच्या हाताचं कौतुक होऊ लागलं होतं, आणि ते त्याच्या कानावर येत होतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी अनंतबा जिनगर काखेत एक फळी घेऊन ओट्यावर आला. फळी गोधडीत गुंडाळली होती. मागून त्याची मुलगी मैना आली.

अनंतबा म्हणजे गावचा जुना चितारी. सत्तरी उलटलेली. देवळांच्या भिंती, पालख्या, हत्तीच्या झुली, सगळं रंगवलेलं. माणसाची तसबीर मात्र जन्मात एकच केली होती, बायकोची.

त्यानं गोधडी सोडली.

जोंधळे निवडत बसलेली एक बाई. मान किंचित खाली, डावा गाल उजेडाला. सुपावरचा हात थांबलेला, जणू कुणी हाक मारली आहे आणि आता ती वर बघणार आहे.

पण पदराचा रंग अर्धा गेला होता. कपाळाला भेगा होत्या. सूप तर जवळजवळ पुसलंच होतं.

"दोन वर्षांमागं गोदेचं पाणी घरात शिरलं," अनंतबा म्हणाला. "फळी भिजली. तेव्हापासून रंग सुटतोय. रोज सकाळी खाली थोडा पडलेला असतो."

"तुम्हीच हात फिरवा की त्यावर," निंबाजी म्हणाला.

अनंतबानं आपले दोन्ही हात पुढं केले. ते थरथरत होते.

"कुंचला धरला तर नाकावर डोळा येईल."

मैना हसली. तोही हसला.

"मला तीन मुली," तो केरोबाला म्हणाला. "थोरली सिन्नरला, मधली चांदवडला, ही पंचवटीत. तिघींना आई हवी आहे आणि फळी एकच आहे. मी गेलो की तिघी आधी फळीवर भांडतील, मग माझ्यासाठी रडतील."

"बाबा..." मैना म्हणाली.

"खोटं आहे का?"

मैनानं गोधडीची घडी घालायला घेतली.

"तेव्हा केरोबा, सगळं पुसायच्या आत सगुणा उतरवून दे."

केरोबानं निंबाजीकडे पाहिलं.

"माझे डोळे आता एवढ्या बारीक कामाचे राहिले नाहीत. निंबा उतरवेल."

पहिल्यांदाच एक अख्खा पत्रा निंबाजीच्या एकट्याच्या हाती आला.

त्यानं फळी नीट पाहिली, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की चिताऱ्यानं आळस केला आहे. पदराची किनार मन लावून केलेली, जोंधळ्याचे दाणे वेगवेगळे दिसत होते, केसांत तेलाची चमकसुद्धा होती. आणि समोरच्या गालावर काहीच काम नव्हतं. गाल नुसता कोरा.

हे आपण भरून काढू, असं त्यानं ठरवलं.

मैना रोज नदी ओलांडून येई. फळी वडलांच्या घरात नाही हे तिला सहन होत नव्हतं. ओट्याच्या कडेला बसून ती आईकडे पाही आणि मग वडलांचा स्वयंपाक करायला जाई.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आईच्या गालावर वण होते, निंबाभाऊ. देवीचे. बाबांनी काढलेच नाहीत."

निंबाजीची सुई थांबली.

"किती होते?"

"नऊ. मी मोजायचे. लहानपणी आईच्या कुशीत झोपताना बोटानं मोजत जायचे. नऊ होईपर्यंत झोप लागायची."

"कुठल्या गालावर?"

मैनानं डोळे मिटले. मनातल्या मनात ती पुन्हा लहान होऊन आडवी झाली असावी.

"डाव्या. मी डावीकडे झोपायचे. उजवीकडे ताई. त्या गालाचं ताईला विचारायला हवं."

चित्रात डावाच गाल समोर होता.

तिनं स्वतःच्या गालावर बोट टेकवून एकेक जागा दाखवली. तीन डोळ्याखाली. दोन कानाकडे. तीन गालाच्या मधोमध. आणि नववा ओठाच्या कोपऱ्याला.

निंबाजीनं ते सगळं एका कागदावर टिपून घेतलं. त्याच दुपारी त्यानं वस्तादला तो प्रश्न विचारला, आणि त्याला ते उत्तर मिळालं.

पत्रा त्याच्या हातात होता. त्यानं नऊ वण काढले.

नुसते ठिपके नव्हेत. प्रत्येक वणाला खळगा दिला, खळग्याला सावली दिली. कोऱ्या गालावर बारीक रेघांची जाळी घातली, म्हणजे खळगे उठून दिसावेत. दोन दिवस तो याच कामात होता आणि ते दोन दिवस त्यानं फळीकडे पाहिलंच नाही. पाहायची गरज नव्हती. फळीवर ते नव्हतंच.

गोऱ्या कारागिराच्या रिवाजाप्रमाणे छापलेल्या चित्राच्या खालच्या कडेला दोन नावं असत. डावीकडे ज्यानं रंगवलं त्याचं, उजवीकडे ज्यानं उतरवलं त्याचं.

निंबाजीनं उजवीकडे आपलं नाव घातलं. डावी बाजू रिकामी ठेवली.

केरोबानं ते पाहिलं. "इकडे?"

"आता हे त्यांचं चित्र कुठं राहिलं, वस्ताद?"

केरोबानं मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

पत्रा तेजाबात गेला. बाहेर आला. मेण उतरलं, शाई भरली, चरक फिरला.

पहिला कागद सुटला तेव्हा मैना समोरच होती.

तिनं पाहिलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. बोट एकेका जागी टेकत गेलं. ओठांची हालचाल होत होती. ती मोजत होती.

नऊ झाल्यावर ती रडली.

"आई..." एवढंच म्हणाली.

निंबाजीनं असं कधी अनुभवलं नव्हतं. सरदार-सावकार वाहवा करत, पण त्याच्या कामापुढं आजवर कुणी रडलं नव्हतं. त्याला वाटलं, आपण त्या चिताऱ्याच्याही पुढं गेलो. ज्यानं तिला पाहिलं त्याला जे जमलं नाही, ते आपण न पाहता केलं.

मैना वडलांना घेऊन आली.

अनंतबानं कागद दोन्ही कडांनी धरला. हात थरथरत होते म्हणून कागदही थरथरत होता. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.



"हे वण," तो म्हणाला.

"फळीवर राहून गेले होते," निंबाजी म्हणाला. "मैनाताईंनी दाखवले तसे घातले."

अनंतबानं मुलीकडे पाहिलं.

"होते का गं असे?"

"होते, बाबा. तुम्हाला माहीत नाही?"

"देवी येऊन गेल्या होत्या तिला, हे माहीत होतं. तिच्या बापानं लग्नाआधीच सांगितलं होतं. मागून तक्रार नको म्हणून." तो थांबला. "पण दिसले नाहीत."

"तेहतीस वर्षांत?" निंबाजीनं विचारलं. त्याच्या आवाजात थोडं हसू होतं.

"तेहतीस वर्षांत," अनंतबा म्हणाला. त्याला राग आला नव्हता. स्वतःचंच नवल वाटावं तसा तो बोलला.

त्यानं कागद परत केला.

"चांगला झालाय. तीन काढ. मुलींना दे. त्यांची आई आहे ही."

"आणि तुम्हाला?"

"मला माझी फळी आहे."

तो फळी गोधडीत गुंडाळू लागला. तेवढ्यात भुवईजवळचा एक कपचा सुटून ओट्यावर पडला. तांदळाच्या दाण्याएवढा.

अनंतबा वाकला. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि तो कपचा बोटाच्या टोकावर उचलला. कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. मग उपरण्याच्या टोकात बांधला, फळी काखेत घेतली आणि आळीतून चालू लागला.

मैना त्याच्यामागं गेली. जाताना तिनं एकदा मागं वळून कागदाकडे पाहिलं.

निंबाजी उभाच राहिला.

संध्याकाळी तो केरोबासमोर येऊन बसला.

"मी चुकलो का, वस्ताद?"

"मैना रडली ना?"

"हो."

"मग चूक कुठं?"

निंबाजीला बरं वाटलं. तो म्हणाला, "म्हणजे बरोबर केलं."

"अनंतबा कागद न घेताच गेला ना?"

"...हो."

"मग बरोबर कुठं?"



"वण ठेवावे तर नवऱ्याची बायको जाते. घालवावे तर मुलींची आई जाते. आणि पत्रा एकच आहे, वस्ताद."

केरोबा उठला. पत्रा उचलला आणि ऐरणीवर पालथा ठेवला. चेहरा खाली, कोरी पाठ वर. शेजारी आपली सगळ्यात छोटी हातोडी ठेवली.

आणि पाय धुवायला मागच्या दारी निघून गेला.

निंबाजी त्या पालथ्या पत्र्याकडे पाहत बसला...

तांबटाच्या मुलाला हे कळायला वेळ लागला नाही. भांड्याला पोचा पडला तर आतून ठोकून तो वर काढतात. पत्र्यावरचा खळगाही पाठीमागून ठोकून वर आणता येतो. मग घोटणीनं घासायचा. जागा पुन्हा सपाट होते, शाई धरत नाही, कागदावर पांढरी उमटते.

पण एकदा घालवलेला वण परत येत नाही. तेव्हा आधी काय आणि मग काय, हे त्यानं दोनदा मनात घोळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चांगले दौलताबादी कागद काढले. पत्र्यावरून वणांसकट तीन कागद छापले. तिसऱ्यात ओठाजवळची शाई जरा फिकी आली, म्हणून आणखी एक छापला. दोरीवर वाळत घातले.

मग तो हातोडी न घेता अनंतबाच्या घरी गेला.

अनंतबा दारात ऊन खात बसला होता. त्यानं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. गुळाचा खडा आणि पाणी पुढं ठेवलं.

"फळी पुन्हा पाहायची होती," निंबाजी म्हणाला.

"बघ की."

फळी आत खुंटीखाली होती. निंबाजी तिच्यासमोर बसला. सोबत आरसा नव्हता, सुई नव्हती. अशा रिकाम्या हातांनी तो तिच्यासमोर पहिल्यांदाच बसत होता.

सकाळ गेली.

"अनंतबा, या गालावर रंग का नाही लावला?"

अनंतबा आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

"ती तिथं बसायची, उंबऱ्याच्या आत. दुपारी दारातून ऊन यायचं. जोंधळे निवडताना मान खाली, आणि ऊन बरोबर गालावर. तो रंग मी करून पाहिला. पिवडी घातली, सफेदा घातला, हिंगूळ घातला. अकरा दुपारी केला. ती वैतागली. म्हणाली, जोंधळे निवडून संपले, आता काय दगड निवडू?"

"मग?"

"मग नाही जमलं. फळीला आधी पांढऱ्या मातीचा हात दिला होता, तोच तिथं ठेवला. बाकी सगळं रंगवलं, तेवढं सोडून दिलं."

"सोडून दिलंत..."

"माझ्याकडे नव्हताच तो रंग. दुसरं काय करणार?"

निंबाजी पुन्हा फळीकडे वळला.

चिताऱ्यानं जिथं हात लावला नव्हता, तिथंच ऊन होतं. भोवतीचा केस न् केस, किनार, दाणे, सगळं त्या उन्हासाठी बसवलेलं होतं. आणि आपण नेमकी तिथंच जाळी घातली.

दुपारी ऊन खरोखरच दारातून आत आलं. उंबऱ्याच्या आतल्या रिकाम्या जागेवर पडलं. अनंतबानं तिकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही निंबाजी येऊन बसला. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही.

मग तो कामाला लागला.

पाठीमागून जागा शोधायची, तिथं हलका ठोका घालायचा, पत्रा उलटायचा, घोटणी फिरवायची. जोर जास्त झाला तर फुगवटा येतो आणि नाकच बिघडतं. आधी जाळी गेली. मग कानाजवळचे दोन वण. मग डोळ्याखालचे. मधले तीन खोल होते, त्यांना अख्खा दिवस लागला.

घालताना त्यानं शीळ घातली होती. घालवताना त्याला घाम फुटला.

आठ गेले. उरला ओठाच्या कोपऱ्याचा नववा.

त्यानं ठोका घातला, घोटला. वण फिका झाला, पण गेला नाही. आणखी घोटला. बोट फिरवून पाहिलं तर तिथलं तांबं इतकं पातळ झालं होतं की आणखी एक ठोका पडला असता तर भोकच पडलं असतं.

तो पत्रा घेऊन वस्तादकडे गेला.

"एक राहिला. आता घालवता येत नाही."

केरोबानं पाहिलं.

"राहिला," तो म्हणाला.

"अनंतबांना काय सांगू?"

"शाई लाव."

छापण्याआधी निंबाजीनं आणखी एक गोष्ट केली. पत्र्याच्या खालच्या कडेला, जी बाजू रिकामी ठेवली होती तिथं, एकेक अक्षर उलटं कोरत त्यानं अनंतबा जिनगराचं नाव घातलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. केरोबा शेजारी शाई घोटत होता. त्यानं पाहिलं आणि पुन्हा शाईकडे वळला.

चरक फिरला.

निंबाजीनं कागदाची कड धरून तो हळूच सोडवला. गाल पांढरा आला. शाईचा थेंब नव्हता तिथं, आणि तरी सबंध कागदावर नजर आधी तिथंच जात होती.

आणि ओठाच्या कोपऱ्याला एक फिका ठिपका.

निरोप गेला. अनंतबा आला. मैना हात धरून त्याला घेऊन आली होती.

या वेळी निंबाजीनं कागद त्याच्या हातात दिला नाही. दोन्ही कडा स्वतःच धरून त्याच्यासमोर उभा राहिला, म्हणजे कागद हलू नये.

अनंतबा पाहत राहिला.

"ऊन आलं," तो म्हणाला.

निंबाजीनं मान खाली घातली. "एक वण राहिलाय, अनंतबा. तो काही केल्या निघाला नाही. मी..."

"कुठं?"

"ओठाजवळ."

अनंतबा पुढं वाकला. त्याचे डोळे बारीक झाले. आणि मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते निंबाजीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हा होता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हा मला माहीत होता. वण म्हणून नव्हे, खळी म्हणून. ती हसायला लागली की आधी हा आत जायचा. तोंडावर हसू यायच्या आधी. मी काही चावटपणा केला की इकडेच बघत बसायचो, हा आत गेला का म्हणून."

"मग फळीवर का नाही घातलात?" मैनानं विचारलं.

"तेव्हा ती चिडलेली होती. अकरा दिवस बसवलं होतं तिला."

मैना हसू लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

"मी सांगितलं होतं ना निंबाभाऊंना, ओठाजवळ एक होता म्हणून."

"तुला कसा गं माहीत हा?"

"मी नाही का मोजायचे..."

आणि बापलेक ओट्यावर बसून बोलू लागले. सगुणाबाई कशी चिडायची, कशी रागावून चूल फुंकायची, चांदवडच्या मुलीच्या लग्नात तिनं काय घोळ घातला होता. मधेच अनंतबा उठे, कागदाजवळ जाऊन उभा राही आणि परत येऊन बसे. निंबाजी ऐकत होता. ज्या बाईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं तिच्याबद्दल त्यालाही आता दोन गोष्टी विचाराव्याशा वाटत होत्या. त्यानं विचारल्याही.

जाताना अनंतबा केरोबाला म्हणाला, "फळी आता मुलींनी खुशाल भांडून घ्यावी."

"आम्ही नाही भांडत," मैना म्हणाली. "फळी तुमच्याजवळच राहील."

"बघू," अनंतबा म्हणाला.

ते दोघं गेले. कागद आठ दिवसांनी न्यायचे ठरले होते. थंडीत जवसाच्या तेलातली शाई लवकर सुकत नाही.

ओटा रिकामा झाला. दोरीवर कागद टांगलेले होते. इकडे नऊ वणांची सगुणाबाई. तिकडे एका वणाची, गालावर ऊन घेतलेली.

निंबाजी एकदा इकडे पाही, एकदा तिकडे. मधूनच त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसे, मधूनच कपाळाला आठी पडे.

केरोबा चरकाच्या लाटा पुसत होता.

"वस्ताद."

"हं."

"एक मुलीनं पाहिलेली. एक नवऱ्यानं पाहिलेली. मी तर पाहिलीच नाही. आणि दोन्ही माझ्याच हातून उतरल्या."

केरोबा पुसत राहिला.

"तिच्या उजव्या गालाचं तर अजून कुणालाच विचारलं नाही. ते सिन्नरच्या मुलीला ठाऊक..."



निंबाजी दोरीजवळ गेला. दोन्ही कागदांच्या मधे उभा राहिला. एका कागदाकडे बोट नेलं, मग दुसऱ्याकडे.

"मग खरी सगुणाबाई यातली कोणती, वस्ताद?"

केरोबानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बोट लावू नकोस," तो म्हणाला. "दोन्ही अजून ओल्या आहेत."